विचारणाऱ्याचा अधिकार आणि सांगणाऱ्याचे शील



आपल्या वस्त्यांमधून नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांकडून एक प्रश्न वारंवार कानी येतो. तो निर्वाणाविषयीचा नाही, पुनर्जन्माविषयीचाही नाही. तो तलाठ्याविषयीचा आहे. निराधार अनुदानासाठी अर्ज केला की चौकशीला माणूस येतो. तो चार गोष्टी विचारतो. त्यातल्या दोन विचारण्यासारख्या असतात, दोन नसतात. पण विचारणाऱ्याच्या हाती कागद असतो आणि सांगणाऱ्याच्या घरची चूल थंड असते, म्हणून चारही प्रश्नांना उत्तर द्यावे लागते. मग संध्याकाळी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शिलापाशी जीभ अडखळते. एक बाई विचारते, "मी आज खोटं सांगितलं, माझं शील मोडलं काय?" दुसरी विचारते, "मी तर सारं खरं सांगितलं, अन् दुसऱ्या दिवशी तेच पानठेल्यावर ऐकू आलं. खरं बोलण्याचं हेच फळ काय?"

हे प्रश्न क्षुल्लक समजून बाजूला सारू नयेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे, आणि नव्याने धम्मात आलेले लोक ती मनापासून पाळू पाहतात. जुन्या धर्मात पाप घडले तर नवस होता, उपवास होता, भटाला दिलेले दान होते. धम्मात असा उतारा नाही. म्हणूनच तलाठ्यापुढे बसलेल्या बाईच्या मनातील घालमेल हा आपल्या धम्मजीवनाचाच प्रश्न आहे, आणि तो सरकारी कामकाजाचा म्हणून सोडून देता येणार नाही.

प्रथम चौकशी कशाची होते ते पाहू. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून आहे. पासष्ट वर्षांखालील निराधार विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रिया, दिव्यांग, अनाथ मुले, क्षय, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा आजारांनी काम न करू शकणारी माणसे, वेश्याव्यवसायातून मुक्त झालेल्या स्त्रिया, तृतीयपंथी, असे अनेक प्रकारचे लोक तिच्या यादीत आहेत. २०२३ मध्ये अनुदान महिना १,००० रुपयांवरून १,५०० रुपये झाले. ही यादी सावकाश वाचा. तिच्यातील एकेक शब्द म्हणजे कुणाचे तरी झाकून ठेवलेले दुःख आहे. नवऱ्याने टाकले, हे सिद्ध करावयाचे. रोग जडला, हे सिद्ध करावयाचे. शरीर विकावे लागले होते, हेही सिद्ध करावयाचे. आणि कोणापुढे? गावात तलाठी आणि ग्रामसेवकापुढे, तालुक्याला एका समितीपुढे, जिचा अध्यक्ष सरकारी माणूस नसून राजकारणातील नेमलेला माणूस असतो. ज्या बांधावर ती बाई रोवणीला जाते, तो बांध समितीतल्या एखाद्याच्या मेहुण्याचा असू शकतो.

बाबासाहेबांनी ही अवस्था फार आधी ओळखली होती. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या ग्रंथात ते विचारतात की, बेकार माणसाला मूलभूत हक्कांचा उपयोग काय? त्याच्यापुढे एकीकडे कसलीशी नोकरी ठेवली आणि दुसरीकडे बोलण्याचे, संघटनेचे, धर्माचे स्वातंत्र्य ठेवले, तर तो काय निवडील याविषयी शंकाच नको. उपासमारीच्या भीतीने तो हक्क सोडून देईल. या यादीत त्यांनी धर्माचा हक्कही घातला आहे, हे आपण विसरू नये. भुकेल्या माणसाला प्रश्न विचारणे आणि पोट भरलेल्या माणसाला प्रश्न विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून निघते. बागाईतदार उत्तर नाकारू शकतो. बाई नाकारू शकत नाही. म्हणून तिला विचारणाऱ्यावर अधिक बंधन हवे. प्रत्यक्षात मात्र ते कमी असते.

आता कोणी म्हणेल, प्रश्नच विचारू नयेत. गरीब आहे म्हणतो ना, द्यावे. हा विचार अगदीच हवेतला नाही. आपल्याच राज्यात एक योजना जवळजवळ तशी होती. १९७२ च्या दुष्काळात फोफावलेली रोजगार हमी योजना, जिच्यामागे वि. स. पागे यांची बुद्धी होती, तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. तिने गरिबीचा दाखला मागितला नाही. ग्रामीण भागातील जो प्रौढ माणूस अंगमेहनतीचे काम करावयास तयार आहे, त्याने काम मागावे, एवढेच. उन्हात माती उपसावयास जो उभा राहतो त्याला गरज आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. आणि काम न दिले तर बेकारी भत्ता. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने हेच तत्त्व देशभर नेले. २ फेब्रुवारी २००६ रोजी ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत ते सुरू झाले त्यांत आपला भंडारा होता. आपल्याकडच्या कितीतरी मामा तलावांचा गाळ त्या कामांवर निघाला.

त्या कायद्यातील भत्त्याचे कलम मला फार अर्थपूर्ण वाटते. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि पुढे किमान निम्मा भत्ता द्यावा, असे त्यात होते. इथे चौकशीची दिशाच उलटली होती. मजुराने काय लपविले हा प्रश्न नव्हता. कार्यालयाने काम का दिले नाही, हा प्रश्न होता. मजुराला दाखवावी लागे फक्त एक गोष्ट, ती म्हणजे काम मागितल्याची तारीख असलेली पावती. आणि तीच पावती देण्यास टाळाटाळ होई! भत्ता क्वचितच कुणाच्या हाती पडला याचे कारण त्या एका कागदात दडले आहे. स्वतःला उत्तर द्यावे लागेल असा प्रश्न कार्यालयाला नको असतो. परित्यक्तेला मात्र तेच कार्यालय दहा प्रश्न विचारते.

याच्या अगदी उलट टोकाला २००२ चे दारिद्र्यरेषेचे सर्वेक्षण होते. तेरा निकष, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. त्यांत एक प्रश्न असा होता की माणशी अंगावर घालावयाचे कपडे किती? दोनांपेक्षा कमी असतील तर शून्य गुण, म्हणजे सर्वात गरीब. दिवसाला पोटभर जेवण किती वेळा, हाही प्रश्न होता. घरातील सुनेच्या लुगड्यांची संख्या सासऱ्यादेखत परक्या माणसाने विचारावयाची! राजस्थानात दौसा जिल्ह्यात २०१७ मध्ये तर स्वस्त धान्य घेणाऱ्या कुटुंबांच्या भिंतीवर आम्ही गरीब आहोत असे रंगवून लिहिले गेले. ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला गेला होता, त्यांना अशा पाटीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तरीही प्रश्न पूर्णपणे टाळता येत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. रोजगार हमीने प्रश्न विचारले नाहीत कारण तिथे कष्टच साक्ष देत होते. साठीची विधवा, फेफरे येणारा तरुण, आंधळी म्हातारी ही माणसे फावडे कसे उचलतील? त्यांना काही विचारावेच लागेल. मग काय विचारावे आणि कसे, हा खरा प्रश्न आहे. याचे उत्तर शोधताना मला विनयपिटकातील महावग्ग आठवतो. आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की विनय हा भिक्षूंसाठी आहे, गृहस्थांनी तो कशाला वाचावा. वाचावा. माणसाकडून माहिती कशी घ्यावी याविषयी इतका विचार मला दुसरीकडे क्वचितच आढळला.

गोष्ट अशी आहे. मगधात कुष्ठ, गंड, किलास, क्षय आणि अपस्मार या पाच रोगांची साथ पसरली. जीवक हा त्या काळचा थोर वैद्य, पण तो राजाची आणि संघाची सेवा करी. बाकीच्यांना त्याच्याकडे जागा नव्हती. तेव्हा लोकांनी काय केले? चीवर घेतले, संघात आले, जीवकाकडून औषध घेतले, भिक्षूंकडून शुश्रूषा करून घेतली, आणि बरे झाल्यावर चीवर टाकून घरी गेले. जीवकाने हे पाहिले आणि भगवंतांना सांगितले. तेव्हा या पाच रोगांच्या माणसाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. म्हणजे आज जिला आपण योजनेचा गैरफायदा म्हणतो, ती गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वी खुद्द संघात घडली होती. हा नियम मला कठोर वाटतो, हे लपवीत नाही. मात्र याच ग्रंथात असेही आहे की, अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्षूला भगवंतांनी आपल्या हातांनी उचलून स्वच्छ केले, आणि संघाला रोग्याची सेवा करावयास लावले. तेव्हा नियमामागे रोग्याचा तिरस्कार नव्हता, एवढे निश्चित.

पुढे उपसंपदेच्या वेळी विचारावयाचे प्रश्न ठरले. हे पाच रोग आहेत काय? तू स्वतंत्र आहेस की कुणाचा दास? कर्ज आहे काय? राजाच्या चाकरीत आहेस काय? आईबापांची अनुमती आहे काय? वीस वर्षे पूर्ण झाली काय? पात्र आणि चीवर आहे काय? तुझे नाव काय, उपाध्यायाचे नाव काय? यातील जवळजवळ प्रत्येक प्रश्नामागे एक घडलेली घटना आहे. बिंबिसाराचे योद्धे रणातून पळून संघात आले, म्हणून चाकरीचा प्रश्न. राहुलाच्या प्रव्रज्येने व्याकूळ होऊन शुद्धोदनाने विनंती केली, म्हणून आईबापांच्या अनुमतीचा प्रश्न. उगीच कुतूहल म्हणून एकही प्रश्न नाही. आणि जो प्रश्न त्या काळी कोणीही सर्वात आधी विचारला असता, तुझी जात कोणती, तो या यादीत नाहीच.

याहून महत्त्वाचे पुढे आहे. संघाच्या मध्यभागी हे प्रश्न एकदम विचारले जाऊ लागले तेव्हा उमेदवार गोंधळले, लाजेने त्यांची मान खाली गेली, त्यांना उत्तर देता येईना. भगवंतांनी त्यांना खोटारडे ठरविले नाही. त्यांनी विचारण्याची पद्धत बदलली. आधी समजावून सांगा, मग विचारा, असे म्हटले. भिक्षूंनी तिथेच, सर्वांदेखत समजावून सांगितले. पुन्हा तेच झाले. तेव्हा भगवंत म्हणाले की, बाजूला नेऊन समजावून सांगा आणि मग संघात विचारा. बाजूला नेणारा भिक्षू अडाणी निघाला तेव्हा त्यांनी असा नियम केला की, हे काम जाणत्या आणि संघाने नेमलेल्या भिक्षूनेच करावे. त्याने उमेदवाराला सांगावयाचे की, आता खरे बोलण्याची वेळ आहे, तुला अमुक अमुक विचारले जाईल. जे असेल त्याला आहे म्हण, जे नसेल त्याला नाही म्हण, गोंधळू नकोस.

वाचकहो, तहसील कार्यालयातील रांग डोळ्यांपुढे आणा आणि हे पुन्हा वाचा. आपल्या बाईला काय विचारले जाणार हे आधी कोणी सांगितलेले नसते. विचारणारा कोणत्या अधिकाराने विचारतो हे तिला ठाऊक नसते. बाजूला नेणे तर दूरच, मागच्या रांगेतील माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले जाते की नवरा का सोडून गेला. मग ती गडबडून काहीतरी बोलते, आणि त्या बोलण्याला कार्यालय खोटी माहिती म्हणते.

पण आपल्या बाजूचा हिशेबही चुकता केला पाहिजे. चौकशी अपमानाची आहे म्हणून आपण दिलेली खोटी माहिती खरी होत नाही. मुलगा पुण्याला कंपनीत लागला आहे आणि अर्जात तो बेकार दाखविला, जमीन भावाच्या नावे करून भूमिहीन म्हणवून घेतले, नवरा घरात असताना परित्यक्ता झाले, असे प्रकार आपल्याही लोकांत होतात. यात केवळ चौथे शील नव्हे, दुसरेही मोडते, कारण ते दीड हजार खऱ्या निराधाराच्या वाट्यातून गेलेले असतात. सरकार कुणाचे काका नाही, त्याला फसविले तर काय बिघडले, असे म्हणणारा माणूस हे विसरतो की या देशाचे संविधान लिहिणारा आपल्या घरचा होता.

मात्र इथेही सारे इतके सरळ नाही. कायदाच माणसाला खोटे बोलावयास भाग पाडत असेल तर? दिव्यांगांसाठीची मर्यादा वेगळी होती ती सोडून देऊ. इतरांसाठी निराधार योजनेची कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये होती, आणि २०२३ मध्ये अनुदान वाढले तेव्हाही ती तेवढीच राहिली. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २७३ रुपये होती. म्हणजे घरात वर्षभरात ७७ दिवसांची मजुरी आली की २१,०२१ रुपये झाले आणि कुटुंब मर्यादेबाहेर गेले. एकीकडे केंद्राचा कायदा प्रत्येक कुटुंबाला शंभर दिवसांची हमी देत होता, जिचे २७,३०० रुपये होतात. दुसरीकडे ७७ व्या दिवशी निराधारपण संपत होते. सरकारचा एक हात जेवढे देऊ म्हणे, तेवढे मिळाले तर दुसरा हात नाकारी.

परिणाम काय होतो? शिष्यवृत्तीच्या अर्जांसोबतचे उत्पन्नाचे दाखले शाळेत माझ्या हातांतून जातात. त्यांवरचे आकडे पाहिले की वाटते, सारा जिल्हा एकाच रकमेवर जगतो, आणि ती रक्कम नेमकी मर्यादेच्या थोडी खाली असते. बाई म्हणते, किती लिहू? समोरचा म्हणतो, मी लिहितो, तू अंगठा लाव. इथे खोटे कोण बोलले? अंगठा तिचा आहे, आकडा त्याचा आहे, आणि मर्यादा मुंबईची आहे. बौद्ध विचारात कर्माचे मोजमाप चेतनेवर असते. जिला आकड्याचा अर्थही माहीत नाही तिची चेतना फसविण्याची नव्हती. ज्याला माहीत होता त्याची कोणती होती, हे त्याने पाहावे. तरीपण मी असे म्हणेन की अंगठा लावण्यापूर्वी आकडा वाचून घ्यावा, निदान आठवीत शिकणाऱ्या आपल्या मुलीकडून वाचून घ्यावा. आणि मर्यादा अन्यायाची असेल तर ती वाढविण्यासाठी मोर्चा काढावा. दरवर्षी एकेक खोटा दाखला काढून आपण तीच मर्यादा जिवंत ठेवतो.

आता उरतात ते नको असलेले प्रश्न. तुमच्या घरी कोण येते-जाते? टीव्ही कोणी दिला? मंगळसूत्र अजून का घालता? नवऱ्याशी भांडण कशावरून झाले? हे केवळ आपल्याकडेच विचारले जाते असे नाही. इंग्लंडात १९३१ मध्ये बेकारांच्या भत्त्यासाठी घरातील साऱ्या कुटुंबाची मिळकत तपासण्याची पद्धत आली. पोराची कमाई बापाच्या भत्त्यातून वजा होई, घरातले सामान पाहिले जाई. कमावती मुले घर सोडून वेगळी राहू लागली. ती पद्धत १९४१ मध्ये रद्द करावी लागली. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील एका आईने सांगितले की, हवी ती माहिती मी देते, पण तपासनिसाला घरात येऊ देणार नाही. १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरविले की मग मदत बंद करता येईल. मला त्या तीन न्यायाधीशांचे मत पटते. श्रीमंतालाही सरकार सवलती देते, अनुदाने देते; त्याच्या स्वयंपाकघरात कोणी डोकावत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा तर असे म्हणतो की, संमतीवाचून कुणालाही आपला हा आजार सांगावयास भाग पाडता येत नाही. ज्या बाईला या कारणाने अनुदान हवे असेल तिने डॉक्टरांचे प्रमाणपत्र द्यावे; ते समितीत मोठ्याने वाचण्याची गरज नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. सारे झाकून ठेवले तर बोगस नावे घुसतील. हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावे असत, हे आपण पाहिलेच आहे, आणि ती उघडकीला आली ती हजेरीपट गावापुढे वाचल्यामुळेच. मला वाटते इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. सरकारने कुणाला किती पैसे दिले हे गावाला कळावे. तो सरकारचा हिशेब आहे. ते पैसे कोणत्या दुःखापोटी दिले हे गावाला कळण्याचे कारण नाही. ते त्या बाईचे आहे. नाव आणि रक्कम भिंतीवर लावा. कारण फायलीत ठेवा.

मग नको त्या प्रश्नाला उत्तर कसे द्यावे? अंगुत्तर निकायात भगवंतांनी प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. एकाला सरळ उत्तर द्यावे, एकाला फोड करून द्यावे, एकाला उलट प्रश्न विचारून द्यावे, आणि एक बाजूला ठेवावा. हे तत्त्वज्ञांच्या वादासाठी सांगितले असले तरी चावडीवरही उपयोगी आहे. वर्षात किती मजुरी आली? सरळ उत्तर द्या. मुलगा काय करतो? फोड करून सांगा: कार्तिकात धानकापणीला जातो, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला जातो, बाकी वेळ घरी. घरात पुरुष येतो काय? शांतपणे विचारा की, साहेब, हे कोणत्या अटीत लिहिले आहे? नवऱ्याने का सोडले? हा प्रश्न बाजूला ठेवा. सोडले, अमुक वर्षी सोडले, परत आला नाही, एवढे अटीपुरते पुरे. मौन म्हणजे असत्य नव्हे. खुद्द भगवंतांनी कित्येक प्रश्नांना मौनाने उत्तर दिले, आणि अभय राजकुमाराला त्यांनी सांगितले की, खरी असूनही हिताची नसेल ती वाणी तथागत उच्चारीत नाहीत. शिलाला बाध येतो तो खोटे सांगितल्याने. सांगण्याचे नाकारल्याने नव्हे. पहिल्या बाईच्या प्रश्नाला माझे हेच उत्तर आहे.

धर्माचा प्रश्न मात्र बाजूला ठेवू नका. त्याला सरळ उत्तर द्या: बौद्ध. आपले काही लोक अजूनही चाचरतात, आणि त्यामागे इतिहास आहे. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असावा लागे. १९५६ मध्ये शीखांना त्यात घेतले, बौद्धांना १९९० पर्यंत नाही. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या दाराशी चौतीस वर्षे आपल्या माणसांना धर्म आणि भाकरी यांतून एक निवडावे लागले. कित्येकांनी घरी बुद्धवंदना केली आणि अर्जात हिंदू लिहिले. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये वर्तविले होते तेच हे. त्या पिढीला मी दोष देत नाही. पण १९९० नंतर ते कारण उरले नाही.

जातीचा रकाना वेगळा. अनुदानाचा हिशेब सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती असा निरनिराळा ठेवला जातो, म्हणून कागदावर प्रवर्ग विचारला तर लिहावा. वैद्याने मागील दुखणे विचारले तर आपण सांगतो, तसे ते आहे. आपण कोण आहोत हे त्यात सांगावयाचे नसते, आपल्यावर काय झाले होते ते सांगावयाचे असते. पण प्रमाणपत्र जोडलेले असताना चारचौघांत कोणी मोठ्याने जात विचारली, तर ती हिशेबासाठी विचारलेली नसते. सुंदरिक भारद्वाज ब्राह्मणाने भगवंतांना जात विचारली तेव्हा त्यांनी त्याला जन्माऐवजी आचरण विचारावयास सांगितले होते. आपल्या बाईने एवढेच म्हणावे, "कागदावर लिहिलं आहे, साहेब."

शेवटी एक अवघड गोष्ट. आता विचारणारा नेहमी परका असतो असे राहिलेले नाही. तलाठी आपला असतो, ग्रामसेवक आपला असतो, लिपिक आपली मुलगी असते. घरोघर कागद घेऊन फिरणाऱ्यांत आम्ही शिक्षकही असतो. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जे दुःख व्यक्त केले ते फक्त मोठ्या साहेबांसाठी होते असे समजून आम्ही सुटका करून घेतो. तुमच्या घरातून कोणी अशा नोकरीत लागले असेल तर त्याला विचारा की, तू बाईला बसायला खुर्ची देतोस काय, दार लोटून घेतोस काय, आणि जेवताना घरी तिची गोष्ट सांगतोस काय? हे तिसरे फार घडते. सांगणाऱ्याला त्यात काही वाईट केल्यासारखे वाटतही नाही.

आणि बाजूला नेऊन समजावून सांगण्याचे जे काम महावग्गात जाणत्या भिक्षूकडे दिले होते, ते आपल्या गावात विहाराने अंगावर घ्यावे. रविवारच्या वंदनेनंतर योजनेच्या अटी मराठीत वाचून दाखवाव्यात: कोणते प्रश्न अटीतले, कोणते बाहेरचे. अटींची प्रत मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकाराखाली अर्ज टाकावा. आपल्या वस्तीत दहावी झालेला एक तरी मुलगा तो लिहू शकतो. अर्ज दिल्यावर तारखेची पावती घेतल्यावाचून उठू नये. चौकशीच्या दिवशी महिला मंडळातील एकीने सोबत बसावे. सोबत बसणारीने मधे बोलू नये. प्रश्न जिला आहे तिनेच उत्तर द्यावे. प्रश्न अटीबाहेर गेला तर मात्र तो तारखेसह वहीत लिहून घ्यावा, विचारणाऱ्याला दिसेल असा. आणि घरी परतल्यावर त्या बाईने काय उत्तर दिले हे कोणालाही सांगू नये, विहारातही नाही.